मत दिल्याशिवाय चपला नाहीत

सिनेमा संपल्यावर आमच्या हॉलमधून बाहेर पडायला दोन गोष्टी लागत. एक, स्वतःच्या चपला. दोन, स्वतःचं मत. चपला दाराबाहेरच्या रॅकवर असत. पण मत नसेल तर तिथपर्यंत पोचताच येत नसे, कारण दारात ते उभे असत.

आमचं मंडळ जुने सिनेमे दाखवतं. महिन्यातला एक रविवार, संध्याकाळची वेळ, मंडईजवळच्या एका वाचनालयाचा वरचा हॉल. मी मंडळाची कार्यवाह. हॉलची तारीख घेणं, सभासदांना निरोप, प्रोजेक्टर, स्पीकर, खुर्च्या, चहा आणि शेवटी आठ वाजता कुलूप लावून किल्ली खाली वाचनालयात देणं, हे सगळं माझ्याकडे. कामं लिहून काढायची मला सवय आहे. लिहिलं की होतं, असा माझा अनुभव. एकच ओळ अशी होती की ती दर महिन्याला लिहावी लागे आणि कधी वेळेवर खोडता येत नसे : 'दार मोकळं करणे.'

ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. सरकारी नोकरीत उभं आयुष्य त्यांनी भाजीवाल्यांचे तराजू, वाण्यांची वजनं आणि रॉकेलची मापं तपासण्यात घालवलं होतं. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून बहुधा ते आमच्याकडे आले. मंडळात सगळे त्यांना निरीक्षकसाहेब म्हणत. उंच, सडसडीत, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. ती पेनं उघडलेली मी कधी पाहिली नाहीत. उभे राहत ते बरोबर उंबरठ्यावर, एक पाय आत, एक पाय बाहेर. त्यामुळे ते आत आहेत की बाहेर, हा वाद घालता येत नसे, आणि बाजूने निसटायला जागाही राहत नसे.

"कसा वाटला?"

"छान."

"छान काय? पोहे छान असतात. सिनेमा कसा वाटला?"

नवीन माणूस इथे हसायचा. त्याला वाटायचं, गंमत चालली आहे. मागे उभ्या असलेल्या जुन्या सभासदांना माहीत असे की आता किमान पाच मिनिटं गेली.

देशमुख बाई आमच्या सगळ्यांत जुन्या सभासद. त्या एकदा म्हणाल्या, "गाणी फार गोड होती हो."

"किती गोड? जेवणानंतर घ्यावं एवढं, की डॉक्टरांनी बंद करावं एवढं?"

"आता गोड म्हणजे गोड!"

"बाई, हा काट्यावर अंगठा ठेवून दिलेला माल आहे. अंगठा काढा आणि परत सांगा."

बाईंनी अंगठा काढला. मग असं निघालं की तीन गाणी गोड होती, चौथ्यापासून त्यांना घरच्या गॅसची आठवण येत होती. "हं, आता भरलं," म्हणून त्यांनी बाईंना जाऊ दिलं. बाई जिना उतरताना मला म्हणाल्या, "या माणसाला आवरा, नाहीतर मी भजनी मंडळात जाते. तिथे कुणी काही विचारत नाही."

सायली नावाची एक मुलगी येते, आयटीत आहे. तिचं मत असं असे : "म्हणजे, व्हाइब मस्त होती, पण सेकंड हाफ ना, खूपच स्लो झाला. आय मीन, मला दोनदा फोन बघावासा वाटला."

"फोन बघावासा वाटला, हे वजनात धरतो," ते म्हणत. "व्हाइब काढून ठेवा. ते पिशवीचं वजन आहे."

त्यांचे खरे लाडके म्हणजे कदम. कदमांची लोणी काळभोरला शेती आहे, आणि ते बसने स्वारगेटला उतरून तिथून चालत येतात. कदम सिनेमाबद्दल काहीही वाचत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत, आणि पडद्यावर जे दिसतं तेवढंच बघतात. एका गावरान प्रेमकथेनंतर ते म्हणाले, "गोष्ट काय आपल्याला पटली न्हाई. पण बैल खरं हायेत. बैलाला नाटक येत न्हाई."

"पूर्ण वजन!" निरीक्षकसाहेब ओरडले आणि त्यांनी स्वतः कदमांच्या चपला काढून पुढे ठेवल्या. बाकीच्यांना महिनाभर त्या बैलांची आठवण करून दिली.

मी यावर उपाय केले नाहीत असं कुणी समजू नये. पहिला उपाय, अभिप्रायाचा छापील कागद. पाच प्रश्न, खुणा करायच्या, दारातल्या खोक्यात टाकायचा, चपला घालायच्या, जायचं. त्यांनी कागद हातात घेऊन मागूनपुढून पाहिला आणि परत दिला. "लिहिताना माणूस खोटं बोलतो, कार्यवाहबाई. तोंडाने बोलताना डोळ्यांत दिसतं." दुसरा उपाय, सिनेमा पंधरा मिनिटं लवकर सुरू करणं. त्यामुळे त्यांना पंधरा मिनिटं जास्त मिळाली. तिसरा उपाय लोकांनीच काढला. 'समाप्त' दिसायच्या आत अंधारात उठून जायचं. मग ते शेवटच्या गाण्यालाच दारात जाऊन उभे राहू लागले. परिणाम असा झाला की शेवटचं गाणं कुणी ऐकतच नसे. सगळे खुर्चीत बसून मनातल्या मनात मत जुळवत असत, शाळेत आपला नंबर यायच्या आधी मुलं वाक्य पाठ करतात तशी.

शेवटी समितीने ठरवलं की त्यांच्याशी कुणीतरी बोलावं. कुणीतरी म्हणजे मी. मी मुद्दे काढून गेले. लोक वैतागतात, हॉल वेळेवर देता येत नाही, नवीन सभासद दुसऱ्यांदा येत नाहीत.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "माणूस अडीच तास गप्प बसून दुसऱ्याचं ऐकतो. त्यानंतर त्याला दोन मिनिटं कुणी विचारायचंही नाही?"

उत्तर नसलेल्या मुद्द्यांची मला विशेष चीड आहे.

मलाही ते विचारत.

"कार्यवाहबाई, तुमचं मत?"

"माझं मत, पावणेआठ झालेत."

"हे सिनेमाबद्दल नाही."

"सिनेमा संपला म्हणूनच पावणेआठ झालेत."

आणि या सगळ्यात त्यांचं स्वतःचं मत काय, हे मात्र कुणालाही माहीत नव्हतं. देशमुख बाईंनी एकदा चिडून विचारलं, "आणि तुम्हाला हो कसा वाटला?"

"मी देत नाही," ते म्हणाले. "एकदा दिलंय. पुरे झालं."

नोकरीतले त्यांचे किस्से चहाच्या वेळी सुरू होत. एक मी इतक्यांदा ऐकला की माझाच वाटू लागला आहे. एका बाजारात ते अचानक तपासणीला गेले, आणि पहिल्या गाळ्यापासून शेवटच्या गाळ्यापर्यंत एकूण एक वजन बरोबर निघालं. बरोबरचा शिकाऊ निरीक्षक खूश झाला, काय प्रामाणिक बाजार आहे म्हणाला. "मी त्याला म्हटलं, गाढवा, प्रामाणिक बाजारात चार वजनं तरी झिजलेली निघतात. सगळी बरोबर निघाली की समजायचं, आपण येणार हे कुणीतरी आधी सांगून ठेवलंय." हे सांगून ते सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत, आपल्यातलाच कुणीतरी तो असावा तसे.

आता त्या सिनेमाकडे येते. दर महिन्याला पुढचा सिनेमा ठरवायला बसलो की ते एकच नाव सुचवत. एक जुना संगीतपट. नाव मी इथे देत नाही, कारण दिलं तरी कुणाला आठवणार नाही. आमच्यातही कुणाला आठवत नव्हतं, आणि आमच्यात असे लोक आहेत ज्यांना नटांच्या कुत्र्यांची नावं आठवतात. तो कुठे मिळतही नव्हता. त्यामुळे मी दर महिन्याला "बघू" म्हणे, आणि विषय संपे.

एका महिन्यात ते आले ते त्या सिनेमाची चकती, म्हणजे डीव्हीडी, घेऊनच. कोल्हापूरकडच्या कुठल्याशा संग्राहकाला त्यांनी इतका त्रास दिला होता, की त्याने सुटका म्हणून प्रत काढून दिली असावी. आता "बघू" म्हणता येईना.

आधी तपासल्याशिवाय मी काही लावत नाही. म्हणून एका सकाळी त्यांच्या घरी गेले. स्वारगेटच्या पुढे एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते राहत. दार त्यांच्या पत्नीने, काकूंनी, उघडलं. त्यांना मी प्रथमच पाहत होते. मंडळात त्या कधी आल्या नव्हत्या. लहानखुऱ्या, टापटीप, चेहरा प्रसन्न. त्यांनी चहा आणला. निरीक्षकसाहेबांनी घोट घेतला.

"अगं, साखर कमी झालीय का?"

"तुम्हाला वाटते का कमी?"

"तुला काय वाटतं ते विचारतोय."

"तुम्ही म्हणाल तसं."

साखर बरोबर होती, पण ते सांगायची माझी जागा नव्हती.

"पंखा वाढवू का?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"बाई पहिल्यांदा आल्यात. चिवडा देऊ या की लाडू?"

"तुम्ही सांगा, ते आणते."

काकूंच्या बोलण्यात राग नव्हता, कुरकुर नव्हती, टोमणाही नव्हता. वाळलेले कपडे घडी करून ठेवावेत तशी त्या ही वाक्यं ठेवत होत्या. पण प्रत्येक वेळी निरीक्षकसाहेब माझ्याकडे पाहत होते, साक्षीदाराकडे पाहावं तसे.

चकती ठीक होती, म्हणजे चालत होती. आवाजात खरखर, आणि मधलं एक रीळ गायब. त्यामुळे नायकाच्या डोक्याला अचानक पट्टी दिसते आणि ती कशाची, हे शेवटपर्यंत कळत नाही. मी निघाले तेव्हा ते मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि मी न विचारता बोलू लागले.

"लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हा सिनेमा आम्ही मॅटिनीला पाहिला. शेवटच्या गाण्याला ही रडत होती. मी स्वतः पाहिलं, पदराने डोळे पुसत होती. आणि बाहेर पडल्या पडल्या मी म्हणालो, भिकार सिनेमा. नुसतं म्हणालो नाही, घर येईपर्यंत कारणं दिली. तोपर्यंत ही बडबडी होती हो. साखरपुड्यात सगळ्यांसमोर म्हणाली होती, हा शर्ट तुम्हाला शोभत नाही. त्या दिवसापासून बंद. कशावरच मत नाही. तुम्ही पाहिलंत ना आत्ता?"

"मग सरळ विचारायचं, तेव्हा काय वाटलं होतं म्हणून."

"दर वर्षी विचारतो. 'आता कुठे आठवतंय' म्हणते."

"म्हणून परत दाखवायचा."

"समोर दिसला की आठवेल. आणि तिथे चार माणसं एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, कुणाचं काही बिघडत नाही, हे तिने ऐकलं, की तिलाही वाटेल, बोलून बघावं. तिला मी सगळ्यांच्या शेवटी विचारणार." ते फाटकाची कडी उगाच वरखाली करत राहिले. "तिला आवडला होता, कार्यवाहबाई, आणि मी तो पायाखाली घातला. तिच्या तोंडून तेवढं एकदा ऐकायचंय. आमची आता वयं झाली. हे न ऐकताच जायचं म्हणजे..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. दारात माणसं अडवून पूर्ण वाक्यं वसूल करणारा हा माणूस, आणि स्वतःचं अर्धं ठेवून वर गेला.

आमच्या दारात एवढी वर्षं उभा राहणारा माणूस तिथे का उभा असतो, ते मला कळलं. कळून माझी सोय झाली असं नाही. उलट काम वाढलं, कारण त्यांच्या बेतातलं भोक मला तिथेच रस्त्यावर दिसलं होतं. ते भोक म्हणजे आमचे सभासद. सिनेमा मी पळवत पळवत पाहिला होता. नावाड्याची मुलगी, जमीनदाराचा मुलगा, एक गैरसमज आणि गाणी. सुख झालं गाणं, दुःख झालं गाणं, ताप आला गाणं. या सिनेमावर आमच्या मंडळींना मोकळं सोडलं असतं तर काय झालं असतं? काकूंच्या आवडीला एकदा एका माणसाने नावं ठेवली, तर त्यांनी जन्मभराचं मौन घेतलं. आता भरल्या हॉलने ठेवली असती तर त्या चहाला हो-नाही म्हणायच्याही बंद झाल्या असत्या.

म्हणून मी फोन केले. एकेकाला समजावलं, की काकू येणार आहेत, हा त्यांचा आवडता सिनेमा आहे, चांगलं बोलायचं. सगळ्यांनी एकच गोष्ट बोलू नये म्हणून विषय वाटून दिले. देशमुख बाईंना संगीत, सायलीला छायाचित्रण, कदमांना नदी, अशी प्रत्येकाची सोय केली. शिवाय एक सूचना सगळ्यांना : गाणी जास्त आहेत, हे कुणीही म्हणायचं नाही.

"मी खोटं कशाला बोलू?" देशमुख बाई म्हणाल्या.

"खोटं नका बोलू. निवडक बोला."

"आणि नाही आवडलं संगीत तर?"

"बाई, एक रविवार आवडून घ्या."

माझ्याकडून काही चूक झाली असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही वाटत नाही. इतकं नीट आखलेलं काम मंडळात आधी झालं नव्हतं.

त्या रविवारी काकू आल्या. इस्त्रीची सुती साडी, हातात छोटी पर्स. निरीक्षकसाहेबांनी त्यांना पहिल्या रांगेत कडेला बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. ते सिनेमा बघत नव्हते. अंधारात पडद्याचा उजेड काकूंच्या चेहऱ्यावर पडे, तेवढंच बघत होते. काकू सरळ बसून होत्या. शेवटच्या गाण्याला मीही पाहिलं. डोळे कोरडे होते.

दिवे लागले. ते दारात गेले. आज आवाज जरा चढा होता, पहिल्या रांगेपर्यंत पोचावा असा.

"बोला, देशमुख बाई."

"संगीत उत्तम. चाली साध्या आणि भावपूर्ण. सतार विशेष."

त्यांनी भुवई उचलली, पण बाईंना सोडलं. बाई बाहेर गेल्या नाहीत, पुढे काय होतंय ते बघायला दाराशीच थांबल्या.

"सायली?"

"छायाचित्रण. म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लाइट आणि शॅडोचा वापर, खूपच, म्हणजे, उत्तम."

"फोन बघावासा वाटला?"

"अजिबात नाही."

नंतर एकाने संवाद उत्तम म्हटलं, एकाने वेशभूषा, एकाने नायिकेचे डोळे. निरीक्षकसाहेबांचा चेहरा एकेका मतागणिक उतरत गेला. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत होते. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि त्यांचा चेहरा का उतरतोय ते मला कळेना.

कदम पुढे आले. "नदी चांगली हाय," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "पाणी बी चांगलं हाय."

"कदम, माझ्याकडे बघा. नदी आवडली?"

"आवडली की."

"आणि ती डोक्याची पट्टी? तिचं काय वाटलं?"

"ती माझ्याकडं न्हाई," कदम म्हणाले.

कदमांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावरण्यासाठी म्हणाले, "म्हंजे, मला नदीच दिल्याली."

निरीक्षकसाहेब उंबरठ्यावरून आत आले. मतं घेताना त्यांचे दोन्ही पाय आत असलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"एकही वजन झिजलेलं नाही," ते म्हणाले. "एकाचं मत दुसऱ्यावर पडत नाही, एकाचं दुसऱ्याच्या विरुद्ध जात नाही. पुण्यात! कुणी सांगून ठेवलंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या शहरात पत्ता विचारला तरी दोन माणसांचं एकमत होत नाही, पण तेव्हा झालं.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

"का?"

"काकूंना वाईट वाटू नये म्हणून."

"अहो, मी एवढा आटापिटा केला तो..." त्यांचा आवाज फाटला. "आता ती काय बोलणार? आता ती काय बोलणार, सांगा! सगळ्यांनी छान म्हटल्यावर तीही छान म्हणणार. मी आयुष्यभर तेच ऐकत आलोय!"

"मला कशाला वाईट वाटेल?"

आवाज पहिल्या रांगेतून आला होता. काकू खुर्चीत मागे वळून बसल्या होत्या.

"माझा आहे का सिनेमा? भिकार आहे. गाणी किती ती! ती मुलगी ताप आला तरी गाते, आणि तो वैद्य बसून ऐकतो. औषध दे की मेल्या. नायकाला तर धड उभंसुद्धा राहता येत नाही. तो म्हातारा नावाडी तेवढा बरा. वल्हं मारता मारता एक गाणं म्हणतो, त्यात त्याला धाप लागते, ते खरं वाटलं. बाकी सगळं भिकार."

देशमुख बाई पटकन म्हणाल्या, "मलाही सतार नाही आवडली हो."

निरीक्षकसाहेबांना ते ऐकू आलं नाही. ते काकूंच्या समोर जाऊन उभे राहिले होते. "भिकार?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, बाहेर पडताना? बरोबर होतं तुमचं."

"अगं, पण तू रडत होतीस!"

"चप्पल चावत होती," काकू म्हणाल्या. "लग्नातली नवी. टाचा सोलून निघाल्या होत्या. आता एवढं चालत घरी जायचंय, या विचाराने रडू येत होतं. बाहेर आल्यावर म्हणणार होते, रिक्षा करू या का. पण तुम्ही पुढे चालत होतात आणि कारणं सांगत होतात. म्हटलं, हे एक संपलं की बोलू. ते संपलं की दुसरं. तोवर घर आलं."

"मग घरी तरी..."

"घरी काय? आता रिक्षा कशाला? मग वाटलं, यांना बोलायला आवडतंय, बोलू दे. पुढे सवय झाली. तुम्हाला बोलायची, मला नाही बोलायची."

"मी दर वर्षी तुला विचारत होतो."

"सिनेमाचं विचारत होतात," काकू म्हणाल्या. "सिनेमाचं मला खरंच आठवत नव्हतं. टाचा आठवत होत्या."

दार सताड उघडं होतं आणि कुणी अडवत नव्हतं. तरी कुणी जाईना. मीच शेवटी खुर्च्या मोठ्याने आपटत घड्या करायला लागले, तेव्हा मंडळी भानावर आली आणि एकेक करून चपला घालून उतरली. कदम जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, पुढच्या टायमाला मला काय वाटून देऊ नका."

मी दिवे बंद केले, प्रोजेक्टरची पिशवी एका खांद्याला, स्पीकर दुसऱ्या हातात, दाराला कुलूप घातलं. ती दोघं जिन्यावर होती. ते सवयीप्रमाणे चार पायऱ्या पुढे. मधल्या वळणाला पोचले आणि थांबले. मागे वळून काकू उतरत होत्या त्यांच्याकडे बघत राहिले.

"अगं," ते म्हणाले, "अजून काही आहे का?"

"कशाबद्दल?"

"कशाहीबद्दल. सांगायचं राहिलेलं."

काकूंनी थोडा विचार केला. "बरंच आहे."

ते तिथेच पायरीवर बसले. पांढऱ्या बुशशर्टसकट, त्या धुळीत. जिना एवढा अरुंद की एक माणूस बसला तर दुसऱ्याला उतरता येत नाही.

"साहेब, आठ वाजून गेलेत," मी वरून म्हणाले. "खाली वाचनालयवाले किल्लीसाठी थांबलेत. मला पुढच्या महिन्याची तारीख घ्यायची आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "सांग," ते काकूंना म्हणाले. "मी मध्ये बोलणार नाही."

काकूंनी साडीचा घोळ सावरला, पायरी हाताने झटकली आणि त्यांच्या वरच्या पायरीवर बसल्या. आता माझी उरलीसुरली वाटही बंद झाली. मी स्पीकर खाली ठेवला.

"मग आधी स्वयंपाकघराच्या रंगाचं सांगते," काकू म्हणाल्या.